पाच हजार वेढे

ऑकलंडजवळच्या पुकेकोहे गावातल्या त्या गॅरेजमध्ये काहीही विकत घ्यायला गेलं, की आधी ते न घेण्याची कारणं ऐकून घ्यावी लागायची. गॅरेजवाल्या काकांचा धंदा गिटारचे पिकअप हाताने गुंडाळून विकण्याचा होता आणि त्यांचा बहुतेक वेळ गिऱ्हाइकांना परत पाठवण्यात जायचा. आमच्या मराठी मंडळींत त्यांना चक्रम म्हणत. काही जण अजून म्हणतात. म्हणोत बापडे. मी गेली दीड वर्षं या माणसाची बाजू घेऊन भांडते आहे, आणि आज लिहायलाच बसले आहे तर कुणाची भीडभाड ठेवणार नाही.

पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेली ती चपटी डबी. आत चुंबक आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की खालच्या कॉइलमध्ये वीज जागी होते आणि ॲम्प्लिफायरमधून आवाज येतो. एकच कॉइल असली तर त्या आवाजात घरातल्या ट्यूबलाइटची आणि फ्रिजची घूं घूंही मिसळते. म्हणून हंबकर नावाच्या पिकअपमध्ये दोन कॉइली शेजारी शेजारी, एकमेकींच्या उलट जोडतात. काका हे समजावताना म्हणायचे, दोन जावा एकाच वेळी उलटसुलट कुरकुरल्या की सासूला काही ऐकू येत नाही. मी विचारलं, हे उदाहरण तुम्ही गोऱ्या गिऱ्हाइकांना कसं सांगता? तर म्हणाले, तसंच सांगतो, त्यांनाही सासू असते.

गॅरेजच्या दारात एक लाकडी रॅक होता. जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, बूट, गमबूट, सगळं तिथे काढून ठेवायचं. कांद्याच्या शेतांवरचे धिप्पाड शेतकरी, जे शनिवारी पबमध्ये वाजवायचे, मोजे घालून आत यायचे आणि हात जोडून नमस्ते करायचे. त्यांना वाटायचं, हा हिंदूंचा काहीतरी रिवाज असणार. काका गंभीर चेहऱ्याने माओरीत ‘किया ओरा’ म्हणून उलट नमस्कार करायचे. खरं कारण असं, की बुटांच्या तळाला चिकटून लोखंडाचा कीस आत येतो आणि चुंबकाला जाऊन बसतो. मग खरं का सांगत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "कीस म्हटलं तर लोक बूट झटकून आत येतात. देव आहे असं वाटलं की काढतात."

मी हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात राहते आणि तिथेच एका फार्मसीत काम करते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. का घेतली, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की मी उत्तर देणं सोडून दिलं. याच वयाचा पुरुष महागडी सायकल घेतो, घट्ट चड्डी घालून रविवारी शेजारच्या केंब्रिज गावापर्यंत जाऊन येतो, त्याला कुणी काही विचारत नाही. मला मात्र सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. ओळखीतल्या एका बाईंनी सुचवलं, त्यापेक्षा पेटी शीक, भजनाला उपयोग होईल.

गिटारचा आवाज मात्र खरोखर वाईट होता, हे मान्य करते. कानाला टोचायचा. नवरा म्हणाला, हेडफोन लाव ना. मुलगा, ज्याला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं, म्हणाला, "मम्, इट्स हीप्स शार्प," म्हणजे फारच टोचतो. मग मी पिकअप बदलायचं ठरवलं आणि तीन आठवडे वाचन केलं. मला लेबलं वाचायची सवय आहे, लेबलावर किती विश्वास ठेवायचा याची कल्पनाही. तरी मी चक्रावले. बारा कंपन्यांचे हंबकर पाहिले आणि बाराही डब्यांवर ‘वॉर्म’ लिहिलेलं. मग थंड पिकअप बनवतं तरी कोण? शेवटी आमच्याच फार्मसीतला एक बेस गिटार वाजवणारा सहकारी म्हणाला, पुकेकोहेला तुमच्याकडचा एक म्हातारा आहे, त्याच्याकडे जा. तो तुला काही विकणार नाही, पण जा.

पहिल्या भेटीत काकांनी माझी यादी न वाचताच घडी घालून मला परत दिली. मग एक छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या गिटारमधले पिकअप दोन-दोन आटे खाली उतरवले, तारांपासून थोडे लांब. टोनचं बटण मी कायम दहावर ठेवलेलं होतं, ते सहावर आणलं. हे बटण दहावरच ठेवायचं असा इथे कायदा आहे का, असं मला विचारलं. महिनाभर वाजव, तरी टोचलं तर ये, म्हणाले, आणि हातात किलोभर कांदे दिले. त्या गॅरेजमधून पिकअपशिवाय परत गेलेली माणसं पुष्कळ आहेत, कांद्यांशिवाय गेलेलं कुणी नाही.

महिन्याने मी पुन्हा गेले, कारण अजूनही थोडं टोचत होतं. त्यांनी विचारलं, तुला ऊबदार आवाज कशासाठी हवा आहे? मी खरं ते सांगितलं. घरच्यांना त्रास होऊ नये, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, कुणाच्या कानावर येऊ नये.

"मग पिकअप कशाला पाहिजे?" काका म्हणाले. "दार लावून घे."

ते त्यांच्या नेहमीच्या थट्टेच्या सुरात बोलत नव्हते. म्हणाले, "आवाजावर गोधडी टाकली म्हणजे त्याला ऊब येत नाही, तो गुदमरतो. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पण आतल्याचा जीव जातो. तुला नक्की काय पाहिजे ते ठरव आणि मग ये."

परत येताना एक्सप्रेसवेवर मी गाडीत एकटीच भांडत होते. हा कोण मला सांगणारा! बॉम्बे हिल्सचा उतार संपेपर्यंत राग त्यांच्यावर होता, हंटलीच्या आसपास तो माझ्यावर आला. बावीस वर्षं मी परदेशात हळू आवाजात राहिले. कामावर हळू, घरी हळू, मंडळाच्या मीटिंगमध्ये तर आणखी हळू. आणि आता हौसेने घेतलेल्या गिटारलाही मी तेच शिकवायला निघाले होते. त्या संध्याकाळी मी हेडफोन न लावता अर्धा तास वाजवलं. कुणी मेलं नाही.

काकांच्या धंद्याचे नियम त्यांचे त्यांनीच केलेले होते. ‘वॉर्म’ हा शब्द गॅरेजमध्ये उच्चारायचा नाही. काय ऐकू आलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स भागातून आलेला आपलाच एक इंजिनियर एकदा वेबसाइटवरची विशेषणं घडाघडा म्हणू लागला. त्याला त्यांनी बाहेर उभं केलं आणि सांगितलं, समोर कांद्याचं शेत आहे, त्याचा वास कसा आहे ते आधी सांगायला शीक. तो रागावून गेला तो परत आला नाही. ऑकलंडच्या एका दुकानदाराला महिन्याला दहा सेट हवे होते, सगळे अगदी एकसारखे, डबीवर छापील शब्दांसकट. काकांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, दहा एकसारखे हवे असतील तर मशीनकडून घे, मशीन जास्त नम्र असतं. काकांची लेक चिडली, ओळखीचे हसले. काका म्हणाले, मी म्हातारपणी कुणाची नोकरी करायला हा उद्योग काढलेला नाही.

ते मूळचे भोसरीचे. तिथे त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या, लेथच्या जळलेल्या मोटरी यायच्या, कॉइली पुन्हा भरून जायच्या. इथे आल्यावर पुकेकोहेच्या एका कांद्याच्या पॅकहाउसमध्ये मेंटेनन्सला लागले. तिथला एक कामगार जेवणाच्या सुट्टीत एक मेलेला पिकअप घेऊन आला, म्हणाला, तू मोटरी भरतोस ना, हे भरून दे. काकांनी भरून दिला. त्यांनी आयुष्यात हजारो कॉइली भरल्या होत्या, पण त्यांच्या कॉइलीतून बाहेर आला तो फिरण्याचा घरघराट. गाणं पहिल्यांदाच आलं. हे सांगताना सत्तरीतला तो माणूस दर वेळी लाजायचा. शिलाई मशीनची मोटर, तिचा पायाने दाबायचा पॅडल आणि वेढे मोजायचा एक आकडेमीटर एवढ्यावर त्यांनी वाइंडिंगचं यंत्र बनवलं. मोटर बॉबिन फिरवते. तार मात्र दोन बोटांत धरून डावीकडून उजवीकडे हातानेच न्यायची. ओढ जास्त झाली तर तुटते, कमी झाली तर सैल बसते. एका कॉइलला पाच हजार वेढे, एका हंबकरला दोन कॉइली, एका सेटला चार.

तिसऱ्या भेटीत त्यांनी मला निवड करायला बसवलं. तीन गिटारी, तिघींच्या पिकअपवर काळी चिकटपट्टी. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि ते एकच कॉर्ड, म्हणजे सगळ्या तारांचे सूर एकदम, तिघींवर वाजवत राहिले. पहिली ऐकून मी म्हटलं, जाड आवाज आहे, पण शब्द कळत नाहीत. दुसरीचे शब्द कळतात पण ओरडून बोलते. तिसरी ऐकली आणि म्हटलं, ही समोर बसून बोलते आहे. पट्टी काढल्यावर कळलं, तिसरी सगळ्यात कमी जोराची होती. कमी वेढे, जुन्या धाटणीचं मवाळ चुंबक. मी वाचलेल्या साऱ्या ज्ञानाप्रमाणे ऊब हवी तर वेढे वाढवायचे. काका म्हणाले, "वेढे वाढवले की जोर वाढतो आणि वरचे सूर बुजतात. त्या बुजण्यालाच लोक ऊब म्हणतात. तुझा कान बरा आहे." अशी शाबासकी मला डिग्री मिळाली तेव्हाही कुणी दिली नव्हती. सेट महिन्यात मिळेल, म्हणाले.

महिना गेला, दोन गेले, चार गेले. कधी तार आली नाही, कधी चुंबक चुकीचं आलं. मी चौकशीला जायची, चहा प्यायची, कांदे घेऊन परत यायची. त्यांचा चहा कायम अर्धा कप असायचा. मी मनात म्हणायची, म्हातारा चिकट आहे. मग एका शनिवारी ते कप घेऊन येत असताना मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि अर्धा कप का, ते कळलं. पूर्ण भरला तर सांडला असता. उजव्या हाताला थरथर होती, आणि बोलताना तो हात ते खिशात ठेवत. माझ्या काउंटरवर असे हात रोज येतात. मला खरं तर पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं आणि माझ्या संशयाची मला लाज वाटली.

मी हळूच विचारलं, डॉक्टरांना दाखवलंत का, गोळ्या कुठल्या घेता. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "इथे तू गिऱ्हाईक आहेस. गोळ्यांचं माझी लेक बघते." लेक बॉटनी डाउन्सला असते, स्वतः डॉक्टर आहे. एका गिटारवाल्याने तर त्यांचं कौतुक करायला म्हणून सांगितलं होतं, की तुमचा हात हलतो म्हणूनच वेढे आडवेतिडवे पडतात आणि आवाज सुंदर येतो. त्यालाही त्यांनी रॅकवरचे बूट हातात दिले होते. थरथर आहे ती, तिला कला म्हणू नकोस, असं त्याला मराठीतच सांगितलं म्हणे.

मार्चमध्ये मी गेले तेव्हा लेक आलेली होती. तिने माझ्यासमोरच विषय काढला, बहुधा मी तिच्या बाजूने बोलेन म्हणून. बाबांचा हात सोल्डरिंगला भाजला होता आणि त्यांनी आठवडाभर ते लपवलं होतं. आता ईस्टरच्या आधी हे घर रिकामं करायचं, बाबा तिच्याकडे राहायला येणार, आणि यंत्र वगैरे तिथे न्यायचं नाही. ती वाईट नव्हती. घाबरलेली होती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. "तुम्ही फार्मसिस्ट आहात ना, तुम्ही सांगा त्यांना," ती मला म्हणाली.

काका मध्येच म्हणाले, "हिचा सेट राहिलाय. तो पुरा होईपर्यंत मी हलणार नाही. तो झाला की मी बंद करतो."

तीन कॉइली त्यांनी चार महिन्यांत कशाबशा केल्या होत्या. चौथी होत नव्हती. शेल्फवर मोडक्या बॉबिनांचा ढीग होता. तुटलेली तार जोडायची नाही, हा त्यांचा नियम. तुटली की ती कॉइल कापून टाकायची आणि पहिल्यापासून सुरुवात. आपल्या गॅरेजमधून सांध्याची कॉइल कधी बाहेर गेली नाही, हे ते ज्याला त्याला सांगत.

पुढच्या रविवारी मी सकाळीच गेले आणि सांगितलं, आज मी बसणार आहे, हाकलायचं असेल तर हाकला. त्यांनी हाकललं नाही. पॅडल दाबला, बॉबिन फिरू लागलं. तार त्यांच्या बोटांत हलताना मला दिसत होती. बाविसशेला तुटली. त्यांनी ब्लेडने कापली, नवी लावली. आठशेला तुटली. तिसऱ्यांदा आकडा तीन हजारांच्या पुढे गेला, चार हजारांच्या पुढे गेला. चार हजार सहाशेला तुटली.

त्यांनी ब्लेड उचललं. मी बॉबिन हाताने झाकलं.

"जोडा," मी म्हटलं.

"हात काढ."

"भोसरीला पंपाची मोटर यायची, तिच्यात तार तुटली तर काय करायचात?"

"तिथे जोडायचो. तिथे शेतकऱ्याला पाणी हवं असायचं."

"मलाही आवाज हवाय. तुमचा नियम नकोय."

असं मी त्या वयाच्या माणसाशी कधी बोलले नव्हते. मग त्यांनी ब्लेड ठेवलं आणि सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं. मी म्हटलं, मी करते. नाही म्हणाले. त्यांनी मला माझी मूठ टेबलावर घट्ट रोवायला सांगितली, हलवायची नाही, आणि तिच्यावर आपलं मनगट टेकवलं. त्यांची थरथर माझ्या हातात उतरत होती, ती मी टेबलात जिरवत होते. चौथ्या खेपेला दोन टोकं जुळली. त्यावर चिकटपट्टीचा एवढासा तुकडा लावला, आणि उरलेले वेढे असेच, मनगट माझ्या मुठीवर टेकवून, अगदी हळू पुरे केले. वाटेत ती आणखी एकदा तुटली. या वेळी त्यांनी ब्लेडकडे पाहिलंही नाही.

दुपारी दोन्ही पिकअप गिटारमध्ये बसले. मी एक कॉर्ड वाजवली. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या आणि एकही टोचली नाही. आवाज भरलेला होता, पण दबलेला नव्हता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"सांधे ऐकू येतात?" काकांनी विचारलं.

"नाही."

"नीट ऐक." त्यांनी गिटार माझ्याकडून घेतली, स्वतः वाजवली, कान ॲम्प्लिफायरला लावला, पुन्हा वाजवली. मग खुर्चीत बसले. मला वाटलं खूश झाले असतील. ते भयंकर संतापले होते. इतकी वर्षं मग मी फेकत काय होतो, म्हणाले. चांगल्या चांगल्या कॉइली कापल्या, लोकांना ताठ मानेने सांगत आलो, आणि एकदा जोडून ऐकलं नाही. अर्धा तास ते स्वतःला शिव्या देत होते आणि मी त्यांना मुळीच अडवलं नाही. चांगलं चाललं होतं त्यांचं.

घर हलवायच्या दिवशी लेकीने मला बाजूला घेऊन विनवलं, हे यंत्र तुम्ही घेऊन जा, डोळ्यांसमोर नको. मी हो म्हटलं आणि यंत्र माझ्या गाडीत ठेवलं. मग हॅमिल्टनला जायच्या ऐवजी त्यांच्या सामानाच्या व्हॅनच्या मागोमाग उलट्या दिशेने बॉटनी डाउन्सला गेले. वाटेत एकदाही मला अपराधी वाटलं नाही. ते हात माझ्यापेक्षा तिला जास्त कळतात, ती डॉक्टर आहे, लेक आहे, हे सगळं मला मान्य होतं. पण तो माणूस त्या यंत्राशिवाय एका स्वच्छ खोलीत खिडकीशी बसलेला मला बघायचा नव्हता.

लेकीच्या घराचं गॅरेज उघडं होतं आणि आत तिची गाडी होती. मी माझ्या गाडीची मागची बाजू उघडली तेव्हा ती पुढे आली.

"हे इथे कसं?"

"मी आणलं," मी म्हटलं.

ती वडिलांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बाबा, सेट झाला की बंद करणार होतात. तुम्हालाच माहीत आहे, तार तुटते आता. दर वेळी तुटणार."

"तुटू दे."

"आणि मग?"

"जोडीन," काका म्हणाले. "तू आधी ती गाडी बाहेर काढ."